गाळलेलं खुर्द

तालुक्याचं नाव मी लिहिणार नाही. मला अजून त्याच कचेरीसमोर बसून स्टॅम्प विकायचे आहेत. नांदेड जिल्ह्यात, हदगावाहून फार लांब नाही, एवढं कळलं तरी पुरे. तिथं लिंबाखाली माझ्या टेबलाला टेबल लावून रियाजभाई बसतात. अर्जनवीस. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यायचा, आणि ज्याला लिहिता येतं पण साहेबाची भीती वाटते त्याचाही लिहून द्यायचा, हा त्यांचा धंदा. एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाशी रोज भांडलो आणि एकदाच त्याला शाबासकी दिली. तीच नेमकी नडली.

भाईंचे वडीलही अर्जनवीसच होते, उर्दूत शिकलेले. त्यांच्याकडून भाईंना सुरेख अक्षर मिळालं आणि शब्दांचा गर्व मिळाला. "अर्ज, दाखला, तक्रार, हुकूम, समदे आमच्या घरचे शब्द हायत. तुम्ही नुसते वापरून राहिले," असं ते मला येता-जाता ऐकवायचे. अर्ज कधी लांबवायचे नाहीत. म्हणायचे, साहेब पहिली ओळ वाचतो आन् शेवटची, मधलं नुसतं घाम गाळायला असतं. कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला काढायचा हे रियाजभाईंनाच कळतं, अशी आजूबाजूच्या पन्नास गावांत त्यांची ख्याती होती. मी त्यांच्यावर चिडायचो, पण हे मात्र मानायचो.

आमच्या तालुक्यात निवळगाव नावाची दोन गावं आहेत. बुद्रुक अलीकडे, खुर्द पलीकडे आणि मध्ये मोठा ओढा. बुद्रुकला हायस्कूल आहे, दवाखाना आहे, बस येते. बुद्रुकहून हमरस्त्याला जाताना एक नाला लागतो, त्यावर चार वर्षांपूर्वी पूलही झाला. खुर्दला चौथीपर्यंत शाळा आहे आणि ओढा आहे. पाणी आलं की खुर्दची माणसं दोर धरून अलीकडे येतात. दोर बुडाला की येत नाहीत, मग कुणी आजारी असो की कुणाची परीक्षा असो.

या ओढ्यावर पूल व्हावा म्हणून खुर्दच्या धुरपताबाई सहा वर्षं अर्ज लिहवून नेत होत्या. त्यांची नात साक्षी बुद्रुकच्या हायस्कूलला जायची. गेल्या श्रावणात परत येताना तिचा दोरावरचा हात सुटला. बरंच खाली एका बाभळीला तिच्या दप्तराचा पट्टा अडकला, म्हणून पोरगी सापडली. त्या दिवशी तिचा बाप बालाजी जो हबकला तो हबकलाच. पुढं पाणी ओसरल्यावर साक्षीनं कशीबशी नववी काढत आणली, पण दहावीचं वर्ष तोंडावर आलं तेव्हा बालाजीनं आईला सरळ सांगून टाकलं, "जूनच्या आत पुलाचं कागदावर काही आलं तर शाळा. न्हाई तर पावणे बघून मोकळा होतो. मला पोरगी जिती पायजे."

साक्षीला तेव्हा पंधरावं सरून चाललं होतं. ती आजीबरोबर आमच्या टेबलापाशी यायची, भाईंनी लिहिलेला अर्ज स्वतः वाचायची आणि एखादी वेलांटी चुकली असेल तर बोट ठेवून दाखवायची. भाईंना ते फार आवडायचं. माझ्या चुका काढणारी एवढीच एक हाय तालुक्यात, म्हणायचे.

मार्चात आमच्या खासदारांच्या कार्यालयातून रामलिंग नावाच्या मदतनिसाचा भाईंना फोन आला. दिल्लीत अधिवेशन चालू होतं, ग्रामविकासाच्या खर्चावर चर्चा होणार होती आणि साहेबांना तीन मिनिटं मिळणार होती. मतदारसंघातलं एक अडलेलं काम भाषणात घालायचं होतं. धुरपताबाईंचे सहा वर्षांचे अर्ज रामलिंगच्या कपाटात होते, म्हणून त्याला हेच आठवलं. "चार ओळी पाठवा. पाचवी ओळ साहेब वाचत न्हाईत," तो म्हणाला.

आपण लिहिलेलं संसदेत वाचलं जाणार! भाई दोन दिवस हवेत होते. चार ओळींसाठी त्यांनी किती कागद फाडले ते मी पाहिलं आहे. शेवटी पक्का कागद माझ्यापुढे ठेवला. मी वाचला आणि विचारलं, "भाई, हे नुसतं निवळगाव? खुर्द कुठं गेलं?"

"काढलं."

"का बरं?"

"खुर्द म्हंजे काय, ठावं हाय का तुम्हाला? फारसी शब्द हाय. खुर्द म्हंजे छोटा. बुद्रुक म्हंजे बुजुर्ग, मोठा. तुम्हाला ते नुसतं नाव वाटतं. पण दिल्लीत समदे हिंदीवाले, त्यांना लगेच कळतंय. खुर्द ऐकलं की म्हणतील, छोटं गाव हाय, ह्याला कशाला पायजे एवढा पूल? नुसतं निवळगाव म्हणलं की कसं वजन येतं बघा."

मी दोनदा वाचून पाहिलं. खरंच वजन आलं होतं. "भाई, डोकं हाय तुम्हाला," मी म्हणालो. एकतीस वर्षांतली माझी एकुलती एक शाबासकी ती हीच. त्या वेळी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

चर्चेच्या दिवशी कचेरीसमोरच्या हॉटेलात टीव्ही लावला. धुरपताबाई साक्षीला घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं येऊन बसल्या होत्या. पुढं दोन-अडीच तास नुसते आकडे चालले होते. एका बाजूचा म्हणे, खेड्यांचा पैसा कापला. दुसऱ्या बाजूचा म्हणे, इतका पैसा स्वातंत्र्यापासून कुणी दिला नव्हता. दोघांच्याही हातात कागद होते. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी हा देश कुठं असेल, हे जो उठेल तो सांगत होता. येत्या जूनमध्ये कोण कुठं असेल, याची तिथं कुणाला फिकीर दिसली नाही. हॉटेलवाल्यानं मला विचारलं, लाख कोटी म्हणजे किती शून्यं? मी त्याला सांगितलं, तू चहा आण.

मग आमचे खासदार उठले. विरोधी बाकावरचे, मागच्या रांगेतले. वेळ संपल्याची घंटी वाजायच्या बेतात असताना त्यांनी भाईंच्या चार ओळी जशाच्या तशा वाचल्या. भाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. "माझं हाय, माझं," असं म्हणत त्यांनी माझा दंड इतका दाबला की वळ उठले.

मंत्री उत्तराला उभे राहिले ते संध्याकाळी. सगळ्यांना उत्तरं देता देता त्यांनी एक कागद उचलला आणि हिंदीत म्हणाले की सन्माननीय सदस्यांनी ज्या निवळगावच्या पुलाचं रडगाणं गायलं तो पूल बनून चार वर्षं झाली. सदस्य आपल्या मतदारसंघात कधी जातात की नाही? सभागृहात हशा पिकला. बाकं वाजायला लागली. आमचे खासदार काहीतरी बोलायला उठले आणि खाली बसले.

इकडे धुरपताबाईंनी टीव्हीला हात जोडले. "अगं माय, माझ्या गावाचं नाव घेतलं! बघा, बघा, टेबलं वाजवून राहिले! मंजूर झाला जनू!" त्यांनी पदराची गाठ सोडली आणि हॉटेलवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला. डोळ्यांतून धार लागली होती. मला हिंदी कळत होती, भाईंनाही कळत होती, पण आम्हा दोघा बाप्यांनी तो चहा मुकाट हातात घेतला.

शेवटी साक्षी म्हणाली, "आजी, ते मंजूर झाला म्हणत न्हाईत. पूल झालाय म्हणून राहिले."

"झाला? कुठं झाला?"

साक्षीनं भाईंकडे पाहिलं. टीव्हीवर खर्चाच्या सगळ्या मागण्या आवाजी मतदानानं दोन मिनिटांत मंजूर झाल्या आणि लोक उठून जाऊ लागले. भाई खाली बसले, धुरपताबाईंच्या पायापाशी, आणि म्हणाले, "मावशी, माझ्या हातनं झालं हे. एक शब्द मी खाल्ला. त्यांनी बुद्रुकचा पूल धरला."

बाई शिव्या देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दिल्या असत्या तर भाईंचा जीव हलका झाला असता. त्या नुसत्या म्हणाल्या, "एका शब्दानं असं कसं होईल? तुम्ही अजून एक अर्ज लिव्हा, भाई."

भाईंनी अर्ज लिहिले. ज्या कचेरीत खुर्दच्या पुलाचा प्रस्ताव पडला होता तिथं गेले, तर तो बंद करून वर शेरा मारला होता: काम पूर्ण, सभागृहात उत्तर दिलेले आहे. तिथला साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं भाईंना बसायला खुर्ची दिली. "मंत्री सभागृहात झाला म्हणतात आन् मी न्हाई झाला म्हणून लिव्हू? मला लेकरंबाळं हायत," म्हणाला. रामलिंगला फोन लावला, तर तो ओरडला, "साहेबांची देशापुढं फजिती केली तुम्ही. आता परत तेच तोंड घेऊन उभं राहायचं का त्यांनी?" नांदेडला तीन खेपा झाल्या. कुठं साहेब दौऱ्यावर, कुठं साहेब सभेत. भाईंच्या बायकोनं, सालेहाभाभींनी, मला गाठून सांगितलं की घास हातात धरून बसतात, तोंडात घालत नाहीत, तुम्ही काहीतरी सांगा. मी काय सांगणार? मीच तर म्हणालो होतो, डोकं हाय तुम्हाला.

एप्रिलात त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. अर्जदाराच्या जागी स्वतःचं नाव घातलं. लिहिलं की चूक खासदारांची नाही, मंत्र्यांची नाही, कुठल्याच कचेरीची नाही. चूक माझी आहे, मी जाणूनबुजून शब्द गाळला, मला जी शिक्षा द्यायची ती द्यावी. पण पूल बुद्रुकला झाला आहे, खुर्दला नाही, एवढी दुरुस्ती व्हावी. त्या एका पानात खुर्द हा शब्द अकरा वेळा होता आणि प्रत्येक वेळी खाली लाल रेघ. मधलं सगळं नुसतं घाम गाळणारं होतं. हाच माणूस ते लिहितो आहे यावर माझा विश्वास बसेना. अशा नऊ प्रती त्यांनी नऊ ठिकाणी पाठवल्या.

उत्तर आलं मेच्या शेवटी. लखोटा पाहून आम्ही दोघं टेबलावरून उठलोच. भाईंनी तो माझ्याच हातात दिला आणि मी मोठ्यानं वाचलं. नावातील त्रुटी दूर करण्यात आली आहे. पूर्ण झालेल्या पुलाची नोंद मौजे निवळगाव खुर्द अशी दुरुस्त करण्यात आली असून, मौजे निवळगाव बुद्रुक येथील पुलाचा प्रस्ताव प्रलंबित यादीत घेण्यात येत आहे. आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मी पुन्हा वाचलं. मग भाईंनी वाचलं. सभागृहात बोललेलं खोटं पडू द्यायचं नव्हतं, म्हणून कागदच त्याला जुळवून घेतला होता. आता खुर्दला कायमचा पूल झाला. ज्या बुद्रुकला पूल आहे तिथं दुसरा होणार. आणि हे भाईंच्या अकरा लाल रेघांनी झालं होतं. कागदाची घडी घालून भाईंनी ती खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली. त्या माणसाची मला इतकी कीव आली की मी त्यांच्यावरच खेकसलो, "बसा आता!"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बालाजी एकटाच आला. माझ्याकडून स्टॅम्प पेपर मागितला. कशासाठी, ते मला रजिस्टरला लिहावं लागतं. "शाळेच्या कामाला," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला! पोरगी सुटली म्हणायचं. मी 'शैक्षणिक कामासाठी' असं झोकात लिहिलं आणि त्याची सही घेतली. तो पेपर घेऊन बालाजी शेजारी भाईंपुढे बसला आणि म्हणाला, "भाई, प्रतिज्ञापत्र करायचंय. शाळेत पोरीच्या जन्माचं साल चुकून पडलं. तिला अठरा पुरी हायत, असं लिव्हा."

भाईंनी पेन खाली ठेवलं. "बालाजी, ती पंधराची हाय."

"पावण्यांना कागद लागतो. येत्या आठवड्यात लगीन हाय, पानी यायच्या आधी."

"मी पाय धरतो तुझे. एक साल थांब."

"थांबलोच की साल." बालाजीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पूल न्हाई त्या ओढ्यावर तुम्ही कागदावर पूल लिव्हून आनला, भाई. माझ्या पोरीला तीन सालं लिव्हून द्यायला काय झालं?"

भाईंनी मान हलवली, नाही म्हणून. बालाजीनं पेपर उचलला आणि पलीकडच्या तिसऱ्या टेबलावर जाऊन बसला. तिथला अर्जनवीस काही विचारत बसत नाही. माझा शिक्का, माझी सही, माझं शैक्षणिक काम त्या पेपरावर होतं. उठून तो हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. मी उठलो नाही.

भाईंनी कोरा कागद ओढला आणि भराभर लिहायला लागले. बालविवाह रोखणाऱ्या अधिकाऱ्याला अर्ज. मुलीचं नाव साक्षी. वय पंधरा, अंकी आणि अक्षरी. लग्नाची तारीख. मग गावाच्या ओळीवर त्यांनी 'मौजे निवळगाव' लिहिलं आणि हात थांबला. पेनाची शाई तिथंच पसरायला लागली. मी पाहिलं तर ते रडत होते, भर दुपारी, सगळ्या कचेरीसमोर.

"सिद्धेश्वर," ते मला म्हणाले, "खुर्द लिव्हू का नको? लिव्हलं तर म्हणतील, तिथं तर पूल झालाय, पोरीला शाळेला काय अडचन, ह्या माणसाचं डोकं फिरलंय. न्हाई लिव्हलं तर बुद्रुकला जाऊन बघतील आन् म्हणतील, असी पोरगी इथं न्हाईच. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं लिव्हतो."

तिसऱ्या टेबलावर बालाजी सही करत होता.