दारू तुझी, पितळ माझं

इब्राहिमभाई पबमधलं पितळ आमसुलाने घासायचे. मॅनेजरने आणलेले पॉलिशचे डबे कपाटात तसेच पडून असत. रत्नागिरीहून येताना ते पिशवीभर आमसुलं आणायचे; अर्धी कढीला, अर्धी बारच्या कठड्याला. "पॉलिशनं पितळ म्हयनाभर चमकतं. मग मी काय करायचं? आमसुलाचं दोन दिवसांत काळवंडतं, म्हणून माझी नोकरी हाय."

मस्कतच्या कुरुम भागात, श्रीमंत वस्तीतल्या जुन्या हॉटेलात हा इंग्रजी थाटाचा पब. काळपट लाकूड, जहाजावरची घंटा, आणि बारपुढे लांब पितळी कठडा. मी तिथे बारमन होतो, संगमेश्वरचा. ते सफाईला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पाच वेळच्या नमाजाचे. दारूच्या ग्लासला कधी हात लावत नसत. मी चिडवायचो, "पगार तर दारूचाच ना, इब्राहिमभाई?" कापड न थांबवता ते म्हणायचे, "दारू तुझी, पितळ माझं."

चहाचे कप मात्र ते धूत. रमजानात पबमध्ये दारू बंद असे. पडद्याआड परदेशी गिऱ्हाइकांना फक्त चहा-कॉफी मिळे. धुणारा रजेवर गेला की कप इब्राहिमभाई विसळत, तेही रोजा धरून.

अशाच एका दुपारी एक जुनं गिऱ्हाईक अगदी गयावया करू लागलं. मी त्याला चहाच्या कपात बियर ओतून दिली. तो पिऊन गेला, मी स्टोअरमध्ये गेलो. बाहेर आलो तेव्हा इब्राहिमभाईंच्या हातात तो कप होता आणि मॅनेजर तो हुंगत होता.

"मला काय ठावं?" इब्राहिमभाई म्हणाले. "सुर्व्याला विचारा, बारवर हाच होता."

माझी बायको महिन्यापूर्वीच मस्कतला आली होती. खरं बोललो तर व्हिसा जाणार. मी म्हणालो, "मी आत होतो. काही पाहिलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंल," म्हणाले, आणि कठडा पुसायला वळले. तिसऱ्या दिवशी त्यांना परत पाठवलं. ते गावी पोचण्याआधी बातमी पोचली होती: इब्राहिम रोज्यात प्यायला.

गेल्या वर्षी ते वारले. सध्या मी पुन्हा मस्कतला, अझैबा भागात राहणाऱ्या मुलाकडे आलोय. गेल्या आठवड्यात त्याला म्हटलं, मला त्या पबमध्ये ने. "पप्पा, तुम्ही तर पीत नाही," तो म्हणाला. कठडा तोच आहे. त्यावर आता कसलासा पारदर्शक थर दिलाय. घासायला माणूस लागत नाही. मी चहा मागवला. कप बाजूला सारून मुलाला सगळं सांगितलं आणि त्याच्यासमोरच इब्राहिमभाईंच्या मुलीला, झुलेखाला, फोन लावला. नंबर त्यांच्या गावातल्या दुकानदाराकडून मिळवून ठेवला होता. महिनाभर तो खिशातच होता.

"मी सुर्वे. तुमच्या अब्बांबरोबर—"

"ठावं हाय. बारवाले."

मी सांगत गेलो. तिकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"अब्बांनी सांगितलंवतं," ती म्हणाली. "जमातीत पन सांगितलं. कोन मानतो? मयताला आलेली मानसं पन कुजबुजत व्हती. दर रमजानला म्हनायचे, सुर्वे वायट नाय, भित्रा हाय. येयल, सांगंल."

मला माफी मागायची होती.

"मला फोनवर सांगून काय व्हनार?" ती म्हणाली. "जुम्म्याला या. नमाज सुटली की मशिदीच्या दारात सगळ्यांम्होरं सांगा."

"येतो," मी म्हणालो.

तिकीट काढलंय. झोप लागत नाही. आयत्या वेळी मी काय करीन, याचा मला भरवसा नाही; हीच जीभ एकदा खोटं बोलली आहे. म्हणून हे लिहून काढलं आणि एक प्रत झुलेखाला आधीच पाठवली. मी अडखळलो, तर पुढचं ती वाचेल.