सुऱ्यांसमोरची वहिनी

माझी वहिनी सुऱ्यांसमोर उभी राहायची. शिक्षा म्हणून नव्हे हो, पोटासाठी. सर्कशीत माझा भाऊ सुरे फेकायचा, ही लाकडी फळीला पाठ टेकून उभी, आणि सुरे हिच्या अंगाभोवती खचाखच रुतायचे. त्यांचे कपडे मी शिवायचे. पण तो खेळ मी एकदाही धड पाहिला नाही, डोळ्यांवर हात धरून बसायचे. भाऊ चिडवायचा, "तुझ्यापेक्षा आमचं माकड बरं, ते निदान टाळ्या तरी वाजवतं."

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेला. सुऱ्याने नाही, चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं.

आमच्या चर्चमध्ये खेळवाली माणसं पुष्कळ. बँडवाले, जादूगार, विदूषक, झुल्यावरचे. त्यांच्यातलं कोणी देवाघरी गेलं की आठवणीच्या सभेत घरच्या माणसाने त्याचा खेळ एकदा करून दाखवायचा, मग प्रार्थना, अशी आमची रीत. मागे जादूगाराच्या मुलीचा रुमाल बाहीतच अडकला, तेव्हा सगळे रडता रडता हसले होते. रुमाल अडकला तर हसता येतं. सुऱ्याचं काय करायचं?

"फोटो ठेव, मेणबत्ती लाव, झालं," मी वहिनीला म्हटलं.

"तो काय फोटो काढायचा का? सुरे फेकायचा."

"मग फळीसमोर दुसऱ्या कुणाला तरी उभं कर."

"कुणाला? तुला?"

मी उठून तिच्या झग्याचं कापड बेतायला घेतलं.

फेकणार होता भाचा. बापाने त्याला शिकवलं होतं, पण आता तो गॅरेजात गाड्या दुरुस्त करतो, आणि आईला नाही म्हणायची त्याची टाप नाही. सभेच्या दुपारी मागच्या खोलीत मी वहिनीच्या कपड्यांना शेवटचे टाके घालत होते, तर तो दारात येऊन मला हळूच म्हणाला, "आत्या, तू सांग ना तिला."

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं. तुझी आई ना ती? तू सांग."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझी सुई माझ्याच बोटात घुसली.

नवराबायकोची फेकायची एक पद्धत होती. वहिनी डोळे मिटून चर्चमधलं एक जुनं गीत गुणगुणायची. ओळ संपली की श्वास सोडून अगदी दगडासारखी स्थिर व्हायची, आणि नेमका तेव्हाच सुरा यायचा. पुढच्या ओळीसाठी तिने श्वास घेतला की अंग हलायचं, तेव्हा फेकायचा नाही. सर्कशीत त्या वेळी बँड बंद ठेवायचे. भाचाही हेच शिकला होता.

फादरचे भावाबद्दल दोन शब्द बोलून झाले आणि वहिनी फळीला टेकली. सभागृह चिडीचूप. गुणगुणणं सुरू झालं. ओळ संपली, खच्. ओळ संपली, खच्. त्या दिवशी मी डोळे झाकले नाहीत. झाकले तर ती मरेल, असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात बसलं होतं.

आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते गीत उचललं. गीत तोंडपाठ, गेलेला माणूस सगळ्यांचा लाडका, मग काय! शेजारणीने उचललं, पुढच्या रांगेने उचललं, अख्खं सभागृह डोळे पुसत गायला लागलं. आणि आमचं चर्चमधलं गाणं म्हणजे रडतखडत, ओढून ओढून. वहिनीची ओळ संपली तेव्हा लोकांची अर्ध्यावरच होती. भाच्याला आई ऐकूच येईना. उचललेला हात तसाच हवेत. तो लोकांच्या ओळीची वाट बघतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हा तर वहिनी श्वास घेत असणार! मी तोंड उघडेपर्यंत सुरा सुटला.

वहिनीच्या दंडापाशी. बाही फळीला ठोकली गेली. लोकांना वाटलं खेळच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या! पण ती बाही मी शिवलेली, अंगाबरोबर, जरासुद्धा सैल नाही. सुरा कापडातून गेला म्हणजे कातडीतून गेला. आणि हे लोक पुढचं कडवं म्हणायला लागले.

"गप्प बसा!" मी बाकावर चढून किंचाळले. "सगळे गप्प बसा! माराल तिला!"

फादरसुद्धा गप्प झाले. डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी चालू. शेवटचा सुरा उरला होता, गळ्याजवळचा. बाहीवर लाल डाग पसरत होता. वहिनीने डोळेही उघडले नाहीत, पुन्हा गुणगुणायला लागली. ओळ संपली. भाच्याने फेकला नाही. दुसरी संपली. तरी नाही.

"आई, मला नाही जमणार," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

एवढ्या लोकांसमोर! आता ही त्याला फाडून खाणार असंच मला वाटलं. पण तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "मग ठेव ना खाली, बाळा. ठेव लवकर."

मी धावत जाऊन बाहीतला सुरा उपटला, तशी ती माझ्या अंगावरच कोसळली. गुडघे लटलट कापत होते तिचे.

"बस, बस खाली," मी म्हटलं. "घाबरलीस आज. होतं असं."

"आज?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "अगं, रोजच कापायचे हे गुडघे. म्हणून तर तुझ्याकडे पायघोळ झगे मागायचे मी."

"आणि दादाला कधी बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? त्याचा हात थरथरला असता ना."