मागं वाजतंय

जगात जे जे घडतं त्याच्या मागं काहीतरी वाजत असतं, आणि ते उभ्या धाराशिव जिल्ह्यात एकट्या आमच्या वन्संना ऐकू येतं, याबद्दल मुरुमात आता कुणाला शंका राहिलेली नाही. शंका घेऊन बघितली लोकांनी, थकले. वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. त्यांचं सासर गावातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं त्या सासरी गेल्या असं आपलं म्हणायचं. चहाला इकडं, जेवायला तिकडं आणि भांडायला दोन्हीकडं. आता सत्तरी ओलांडली, पण दारात कुणी नवीन माणूस उभा राहिला की त्याच्या तोंडाकडं न बघता त्या त्याच्या खांद्याच्या मागं बघतात, मान तिरकी करतात आणि माझ्या कानाशी येऊन सांगतात, "ह्याच्या मागं वाजतंय गं." काय वाजतंय ते त्या माणसाला कळत नाही, पण मला कळतं, कारण ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी तिथंच होते.

सासऱ्यांनी टीव्ही आणला तेव्हा गल्लीत तो एकटाच. रविवारी सकाळी त्यावर एक विलायती मालिका लागायची, हिंदीतून बोलणारी. आभाळात वाट चुकलेलं जहाज, चकचकीत कपड्यांतली माणसं आणि दर रविवारी एक नवा ग्रह. सोप्यात गल्ली मावायची नाही, खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळायची. मी जळकोटहून नवीन लग्न होऊन आलेली, मागं स्वैपाकघरात भाकरीचं पीठ मळत बसलेली. मधे भिंत. चित्र सगळं सोप्याच्या वाट्याला, आमच्या वाट्याला नुसता आवाज. त्यातही बोलणं गल्लीच्या गलक्यात बुडून जायचं. भिंतीतून आरपार यायचं ते एकच, मागचं संगीत. ऊंऽऽऽईंऽऽऽ असं काहीतरी, लई लांबून आलेलं, पाण्याखाली बसून कुणी शीळ घालावी तसं. वर चढायचं, थरथरायचं आणि मधेच थांबायचं, आणि थांबलं की जास्तच भ्या वाटायचं. वन्सं माझ्या शेजारी पाटावर बसलेल्या. त्यांची मान तिरकी व्हायची. "बघ. दार उघडतंय."

"कुठलं दार, वन्सं?"

"जहाजाचं. गप. आत कुणीतरी हाय."

सासूबाई सोप्यातून हाका मारायच्या, "अगं, खुर्ची ठेवलीया तुझ्यासाठी, ये की भायेर!" माहेरवाशीण ना ती, मानाची. वन्सं आतूनच ओरडायच्या, "मला न्हाय बाई सोसत ते. डोळं दुखत्यात." आणि मग मला पुढची गोष्ट सांगायच्या. त्या मालिकेचा मोठा साहेब बायकोला माहेरी सोडून आभाळात आलेला आणि न्यायला जायचं विसरलेला. जहाजात एक बोलणारं यंत्र होतं, त्यात त्याच्या मेलेल्या आईचा जीव अडकलेला. म्हणून ते यंत्र सारखं हुकूम सोडायचं. आणि एक उंच, बारीक, सरळ मनाचा माणूस होता. एका रविवारी बारीक कापरं संगीत वाजलं, वाजत वाजत विझलं, आणि वन्संनी पदरानं नाक पुसलं. "गेला बिचारा. घरचं तोंड बी दिसलं न्हाय." त्या दिवशी मी परातीत इतकी रडले की सासूबाई जेवताना म्हणाल्या, "आज पिठात मीठ कुणी घातलं?"

मालिका संपली, पण वन्संच्या डोक्यातलं संगीत काही संपलं नाही. नंतर टीव्ही घरोघर आले, मालिकाही आल्या. वन्संनी एकीलाही पास केलं नाही. "ह्यात सासूनं पदर सरळ केला तरी तीनदा ढॅण ढॅण. अगं, भ्या दाखवायचं तर लांबनं दाखवावं. उरावर बसून काय!" मग त्या तो आवाज गावात हुडकायला लागल्या. पहिल्यांदा सापडला गिरणीत. लाईट जाऊन परत आली की गिरणीची मोटर हळूहळू उचलते, आधी घों घों करते, मग आवाज वर चढत जातो आणि शेवटी एका बारीक किंकाळीवर जाऊन टेकतो. "जहाज उठलं," वन्संनी निकाल दिला. तेव्हापासून त्या दळण न्यायच्या ते शेरभर जोंधळ्याचं, म्हणजे रोज जायला मिळावं. शिवाय लाईट असली की दळायला द्यायच्या नाहीत, ती जाऊन येईपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसायच्या. गिरणीवाला म्हणायचा, "आक्का, एकदाच पोतं आणा की." तर म्हणे, "पीठ शिळं हुतंय." यात बळी गेली ती त्यांची सून. ती बिचारी म्हातारीला मापून जोंधळे देते अशी गावभर बोंब झाली, आणि वन्संनी एका शब्दानं ती खोडली नाही, कारण खोडायची तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

तुळजापूरला तर मी त्यांच्याबरोबर जायचं सोडणारच होते. दर्शन होऊन बाहेर आलो की त्या आराधिणी कुठं बसल्यात ते बघायच्या. आराधिणीच्या हातातलं चौंडकं बघितलंय ना तुम्ही, ते लाकडी डब्याला तार लावलेलं? तार ताणली की स्वर वर सरकतो, सैल सोडली की खाली घसरतो. एका आराधिणीपुढं वन्संनी बैठकच मारली.

"मावशी, देवीचं म्हणू का?" ती म्हणाली.

"देवीचं मागनं म्हण. आधी नुस्ती तार वढ. हळू. आजून हळू."

ती बाई घाबरत घाबरत तार ओढतेय, वन्सं डोळे मिटून मान तिरकी करून बसलेल्या, आणि भोवती गर्दी जमलेली. लोकांना वाटलं म्हातारीच्या अंगात आलं. एकीनं तर वाकून पायाला हात लावला आणि विचारलं, "आई, माझ्या ल्येकाला नोकरी लागंल का?" वन्संनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "थांब जरा. जहाज उतरू दे." ती बाई त्या उत्तरावर पूर्ण समाधान पावून गेली. घरी येताना एसटीत मला वन्संनी सांगितलं की विलायतेच्या लोकांनी आधी तुळजापूरला येऊन चौंडकं ऐकलं आणि मगच परत जाऊन ते संगीत केलं. मी म्हटलं, व्हय, असंल.

माणसांची पारख त्या याच संगीतावरून करायच्या, आणि ती इतकी अचूक चुकायची की तिच्या उलट वागलं तरी माणसाचं कल्याण व्हावं. माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील शांत, मवाळ बोलणारे, बशीतले पोहे एकही न सांडता खाणारे. वन्सं स्वैपाकघरात आल्या. "मागं वाजतंय. लई वाजतंय." त्या एका वाक्यापायी आम्ही होकार कळवायला इतका उशीर केला की पाहुणेच विचारायला आले, आमचं काही चुकलं का. शेवटी मालक चिडले आणि लग्न झालं. आता ते व्याही माझ्या लेकीला डाळिंब सोलून देतात, तिच्या पोरांना शाळेत सोडतात, आवाज चढवून बोललेले कुणी ऐकलेले नाहीत. मी टोमणा मारला, "काय वन्सं, कुठं काय वाजलं?" तर म्हणाल्या, "म्हणून तर! इतका चांगला माणूस आसतो का कुठं? वाजतंयच." आणि ज्याच्या मागं त्यांना आयुष्यात एकदाही काही वाजलं नाही, त्या सज्जनानं आम्हाला आंधळी म्हैस विकली.

तर असं चाललेलं असताना मागच्या उन्हाळ्यात माझ्या सुनेनं मोबाईलवर ती मालिका हुडकून काढली. म्हणाली, "आत्या इतकं सांगतात, तर बघू द्या त्यांना एकदा." मी निरोप पाठवला. वन्सं इरकल नेसून आल्या, लग्नाला निघाल्यासारख्या. आम्ही तिघी सोप्यात बसलो. पडद्यावर जहाज आलं. काय सांगू तुम्हाला, दोन ताटल्या एकमेकींवर उपड्या ठेवल्यासारखं, दोऱ्याला टांगलेलं. साहेबाला बायको नव्हतीच. यंत्रात कुणाची आई नव्हती. आणि तो उंच बारीक माणूस, ज्याच्यासाठी मी पीठ खारट केलं, तो शेवटच्या भागापर्यंत धडधाकट, हसतोय, खातोय!

"वन्सं," मी म्हटलं, "हा तर मेला होता की."

"मला काय म्हाईत? म्या कुठं बघितलंय? म्या तर तुझ्यासंगं चुलीपुढं हुते."

मी हसायला लागले, पण वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल उचलला, एका कानाला लावला, मग दुसऱ्या. मान तिरकी केली. "यात ते वाजतच न्हाय गं. बोलणं यायलंय थोडं थोडं. मागचं काढून टाकलंय ह्यांनी."

सोप्यात तेव्हा ते संगीत भरून राहिलं होतं. ऊंऽऽऽईंऽऽऽ, तेच, जसंच्या तसं. माझी सून माझ्याकडं बघायला लागली, मी सुनेकडं. शेवटी मीच म्हणाले, "व्हय वन्सं. काढून टाकलंय मेल्यांनी."

पण त्या मुळच्या हुशार. आमची तोंडं बघून त्यांना कळलं. चहा न घेता गेल्या.

त्यांच्या मुलानं त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, वयानं झालंय. माणसांचं बोलणं कानात घालायच्या यंत्रानं पुष्कळ ऐकू येईल, मात्र ते बारीक, उंच आवाज आता यायचे नाहीत. यंत्र आणलं. वन्संनी ते एक दिवस घातलं आणि काढून पानाच्या डब्यात टाकलं. मुलगा विनवून थकला, सून रडली. मी गेले समजूत घालायला. त्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "माणसाचं बोलणं आयुष्यभर ऐकलंय. त्यासाठी कानात खडा कोण घालून घील?" त्यांचं गिरणीला जाणं थांबलं. पोतं एकदम दळून यायला लागलं. आमच्याकडं येणंही थांबलं. माझ्या दारात नवा माणूस आला तर मीच त्याच्या खांद्यामागं बघायला लागले. काही म्हणजे काही नाही, नुसती भिंत. इतक्या बोलक्या बाईनं गप्प बसून राहायचं म्हणजे घरात कुणीतरी सामान हलवल्यासारखं होतं, बघा.

एक दिवस मी मनाचा हिय्या केला, पानाच्या डब्यातून यंत्र काढलं आणि त्या नको नको म्हणत असताना लहान पोरीला डूल घालावा तसं त्यांच्या कानात कोंबलं. मला कुठलं नीट बसवता येतंय? सैल बसलं. ते पडू नये म्हणून वन्संनी वर हात धरला, आणि त्यांच्या कानातून आवाज आला. ऊंऽऽऽईंऽऽऽ. बारीक, लांबून आलेला, थरथरणारा. मी जागच्या जागी बसले.

"काय झालं गं?"

"वन्सं, वाजतंय."

"कुठं?"

"तुमच्या कानात. जहाज. तुम्हाला न्हाय येत?"

त्यांनी हात काढला, थांबलं. हात ठेवला, वाजलं. त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्या हात काढत होत्या, ठेवत होत्या, काढत होत्या, ठेवत होत्या. मग किती दिवसांनी हसल्या. "म्हंजी आता माझ्याच मागं वाजतंय व्हय!"

त्या दिवसापासून यंत्र कानातून निघालेलं नाही. बोलणं ऐकू यायला लागलं हा वरचा फायदा, त्याचं त्यांना फारसं कौतुक नाही. तपासणीला गेल्यावर यंत्र बसवणारा मुलगा म्हणाला, "आजी, सैल झालंय, शिट्टी मारतंय. बंद करून देतो." तर कानावर हात दाबून अशा ओरडल्या, "हात लावायचा न्हाय!" की त्यानं हात वर केले, आणि कान दाबल्यामुळं शिट्टी इतकी वाजली की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. ज्यांना ऐकूच येत नाही ती माणसंसुद्धा, असं त्यांचा मुलगा सांगतो. आता कुणी फुशारकी मारायला लागला की वन्सं शांतपणे केस सारखे केल्यासारखा हात कानावर नेतात. बोलणारा माणूस चपापतो, मागं वळून बघतो आणि फुशारकी तिथंच संपते. परवा व्याही आले होते, डाळिंबं घेऊन. त्यांच्यासाठी वन्संनी खास दोनदा वाजवलं.

रविवारी सकाळी तर त्या न चुकता येतात. घरात आता गॅस आहे, ओटा आहे, पण भाकरी मी अजून खाली बसूनच करते, आणि वन्सं शेजारी पाट ओढून बसतात. सोप्यात खुर्च्या रिकाम्या असतात. या वयातही त्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. त्या काळात टीव्हीपुढं बसायचं म्हटलं की त्यांचे डोळे कसे काय दुखत होते, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, तुला काय करायचंय.

परवाच्या रविवारी त्यांनी कानावर हात ठेवला. "वाजतंय का?"

"वाजतंय, वन्सं."

"कसं? वर चढतंय का खाली उतरतंय?"

"चढतंय."

"मग सांग की. नुस्ती भाकरी काय थापतीस? काय झालं म्होरं?"

मला गोष्टी रचता येत नाहीत, हे साऱ्या घराला माहीत आहे. पण त्या मान तिरकी करून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी हात थांबवला.

"दार उघडतंय, वन्सं."

"कुठलं दार?"

"जहाजाचं. तो उंच माणूस परत आलाय. पण एकटा न्हाय."

"अगं बया," वन्सं म्हणाल्या, आणि हात कानावरून न काढता माझ्याजवळ सरकल्या.