थकलेली दिसणारी बाई

विमानतळावर पप्पा रडले नाहीत. ट्रॉलीवरची बॅग सरळ करत एवढंच म्हणाले, "तिथे तरी नाटकं करू नकोस, ग्रेटा." वसईत चर्चच्या मैदानावर मी वर्षानुवर्षं मुख्य भूमिका केल्या, आमच्या घरात त्याला 'नाटकं' म्हणायचे. मी मागे न बघता रांगेत शिरले.

दुबईत आठवडाभर ऑफिसचं रिसेप्शन, सुट्टीच्या दिवशी एजन्सीमार्फत जाहिरातींत काम. तुम्ही घरची मंडळी तिकडून व्हॉट्सॲपवर 'आमची हिरोईन' लिहायचात. कसली हिरोईन! नऊ वर्षं मी लादी पुसणारी, ट्रे धरून मॅडमच्या मागे उभी राहणारी बाई होते. डायरेक्टर बहुतेक आपल्याकडचेच. "यल्ला, चलो, थोडा और थका हुआ चेहरा दो!" मी द्यायचे.

मग रास अल खोरच्या एका गोदामात शूटिंग होतं. तिथले खरे सफाई कामगार झाडता झाडता फ्रेममध्ये आले. डायरेक्टर ओरडला, "इनको हटाओ, ये लोग रियल नहीं लगते!" त्याच वेळी मेकअपवाली माझ्या गालांना धूळ फासत होती. हटवलेल्यांपैकी एकजण जाता जाता थांबला आणि चक्क मराठीत म्हणाला, "ताई, झाडू असा धरायला तुम्हाला शिकवलं कोणी?" तो रत्नागिरीचा शौकत. मी एप्रन काढून फेकला, "खलास" म्हटलं आणि त्याचा नंबर घेऊन निघाले. एजन्सीने पुन्हा बोलावलं नाही.

ठरवलं, आता खऱ्या सफाईवाल्यांवर फिल्म मीच करणार. शौकतभाई रविवारी मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पमधून बसने आमच्या अल नहदाच्या फ्लॅटवर आले. लेकीने मोबाइल धरला. "मम्मी, रोलिंग!" ते झाडू लागले आणि माझ्या तोंडून निघालं, "थोडे अजून थकलेले दिसा ना."

ते थांबले. "ताई, आज माझी सुट्टी आहे. मी नाही थकलेलो."

इतका राग मला कुठल्याच डायरेक्टरचा आला नव्हता, जितका तेव्हा स्वतःचा आला. लिहिलेले कागद मी फाडले आणि विचारलं, "मग सुट्टीत काय करता?" बायकोला व्हिडिओ कॉल करण्याआधी ते दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. आम्ही तेवढंच शूट केलं.

एका दुपारी आमच्या बिल्डिंगचा हॉल घेऊन ती फिल्म इथल्या आपल्या वसईकरांना दाखवली. संपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "सफाईवाले कशाला दाखवले? इथे आपली इमेज खराब होते."

"मग उठा आणि जा," मी म्हटलं. "दार तिकडे आहे."

चार कुटुंबं गेली. शौकतभाई आणि त्यांचे सोबती मागे भिंतीला टेकून उभे होते; ते पुढे येऊन त्या रिकाम्या खुर्च्यांवर बसले. म्हणाले, परत लावा.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? वसईला येईन, पंधरा दिवस, पाहुणीसारखी. तिथे मी कोणालाही 'उठा' म्हणू शकले नाही, स्वतःच उठून निघाले. त्या दुपारी तो हॉल माझं घर होता. दोन तासांसाठी, भाड्याने घेतलेला.