लाल दिवा आणि आबांचं वजन

जळगावच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये पेशंट चार-चार तास मशीनला जोडलेले. गप्पांशिवाय करणार काय? म्हणून इथे किस्से साचतात. त्यात सेंटरनं मोबाईल ॲप आणलं. घरी वजन, पाणी, जेवण त्यात टाकायचं; काही बिघडलं की इथल्या नर्सच्या, म्हणजे माझ्या फोनवर लाल दिवा आणि भोंगा! मी तर कुकरच्या शिट्टीलाही दचकते.

*

दीपनगरचे नाना पॉवर हाउसमधून रिटायर. ॲप विचारतं, 'आज कसं वाटतंय?' एकदा त्यांनी रडका चेहरा दाबला. भोंगा! मी घाबरून फोन केला, "नाना, दम लागतोय?"

"छे हो! जन्मभर वीज बनवली आणि आज माझ्याच घरचा फ्यूज उडालाय. हसू का?"

*

असोद्याचे आबा केळीवाले. पण केळ्यात पोटॅशियम, म्हणून त्यांना केळंच बंद. एकदा त्यांनी मळ्यातून जेवणाचा फोटो टाकला. मागे घड लटकत होता. ॲपनं तोही ताटात धरला!

मी धावत डॉक्टरांकडे. "सर, आबांनी शंभर केळी खाल्ली!"

"तू आधी पाणी पी," सर म्हणाले. "पेशंटसारखी तुला बंदी नाहीये."

*

मग आबांचं वजन ॲपवर रोज हिरवं, पण सेंटरच्या काट्यावर दोन किलो जास्त! अंगात पाणी साचत होतं आणि आम्हाला पत्ता नाही. खोदून विचारलं, तर आबा घरी केळीच्या काट्यावर उभे राहायचे.

"अन्‌ घडाच्या दांड्याचं वजन कापतो ना! व्यापारी माहं कापतो, तसं."

"आबा, तुम्हाला कुठाय दांडा?"

"मग हाडं काय फळात धरतात?"

सर भडकले. आबांना पहिल्या नातीच्या बारशाला धुळ्याला, सुनेच्या माहेरी जायचं होतं. "खरं वजन हिरवं राहिलं तरच जायचं!"

आबांनी नवा काटा आणला. तहान लागली की नुसती चूळ भरायचे. शेवटी हिरवे झाले आणि काटा पिशवीत घालून धुळ्याला गेले.

*

बारशाच्या दुपारी भोंगा. आबा! सकाळी हिरवे, आता एकदम साडेतीन किलो वाढ! फोन लावला. मागे बायकांचा गलका.

"आबा, किती पाणी प्यालात? पाय सुजलेत का? आबा, बोला ना!"

"हळू बोल व माय, उठंल ती," आबा कुजबुजले. "तिले घेऊनच उभा राह्यलो काट्यावर."

मी भोंगा बंद केला. म्हटलं, "बरं, मग ॲपमधून तिचं वजन कापते."

"ए पोरी!" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले, की पलीकडे बाळ रडायलाच लागलं. "हे नाही कापायचं!"