चुलीची माती

मातीचा खडा हातात आला की तो आधी जिभेला लावायचा. खडा जिभेला चिकटला की मान डोलवून म्हणायचा, "सरी, बरोबर. पाणी पिते ही." नवे लोक कौतुकानं त्याच्याकडे बघत राहत आणि मी त्या लोकांकडे.

बेंगळुरातल्या एका चिनी मातीच्या कारखान्यात आम्ही दोघं रसायनाचं काम बघत होतो. विजेच्या खांबांवरचे पांढरे इन्सुलेटर तिथं होत. साठ साल अजून उजाडायचं होतं. आमची पदवी एक, पगार एक, टेबलही एकच. पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला 'अण्णा' म्हणत आणि मला 'ते बेळगावचे'. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला नाव ठेवायला जागाच सापडत नाही. अशा माणसाचा शेजार फार जड जातो.

त्याचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. आई लहानपणीच गेलेली. माझी आई गावाहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच रविवारी हा तिथल्या शिवाजीनगरला माझ्याकडे जेवायला आला आणि तिला सरळ 'आई' म्हणू लागला. मला विचारलंसुद्धा नाही. तिच्या लुगड्यावर तेल सांडलेलं बघून दुसऱ्या दिवशी मुलतानी माती घेऊन हजर. मातीनं डाग ओढून घेतला आणि यानं आईला.

आईला शहर मात्र मानवत नव्हतं. "स्टोव्हवरच्या भाताला राकेलचा वास मारतोय. मी आपली गावाला जाते," ती म्हणाली. वडील गेल्यापासून ती तिथं एकटीच होती. तिनं माझ्याजवळ राहावं, एवढीच माझी इच्छा. मी परसात चूल घालायला घेतली.

कारखान्यात बेंटोनाइट नावाची माती असे. भिजवली की हाताला लोण्यासारखी लागते. चिमूटभर घातली की मिश्रण छान आकार धरतं. आईची चूल म्हणून मी ओंजळीनं घातली. चूल देखणी झाली, पण वाळता वाळता तडकत गेली आणि शेवटी तिचे तुकडे झाले. आईनं गाठोडं बांधायला घेतलं.

रविवारी तो आला. तुकडे बघून हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. "आई, तुमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, त्याच जातीची माती ही. पाण्यानं फुगते, वाळली की आकसते."

"म्हणजे आमच्या लेकाला गावची माती ओळखू आली नाही की," आई म्हणाली.

त्यानं येलहंक्याकडची तांबडी माती आणली, त्यात विटांचा चुरा आणि भाताचं तूस मळून चूल घातली, वर ओलं पोतं पांघरलं. "स्वल्प थांबा आई. सावकाश वाळू दे." ती चूल तडकली नाही. आईनं गाठोडं सोडलं. मला हवं होतं तेच झालं, आणि त्या दिवशी मला घास गेला नाही.

पुढं त्याला उत्तरेकडं मोठी नोकरी लागली. निघताना तो माझ्या गळ्यात पडला. मलाही रडू आलं, ते काही खोटं नव्हतं. पण घरी येताना वाटलं, आता आई माझ्या एकट्याची.

महिन्याभरात ती म्हणाली, "मला गावाला धाड. इथं करमत नाही."

चूल होती, मी होतो. तरी करमत नव्हतं. गावचे एक ओळखीचे निघाले होते, त्यांच्या सोबतीनं तिला गाडीत बसवलं. गाडी हलताना तिनं खिडकीतून माझा हात धरला.

"तिकडं त्याच्या जेवणाखाण्याचं कोण बघत असेल रे?"

माझ्या जेवणाचं आता कोण बघणार, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.