कि-किल्ली

ज्याला ‘क’ म्हणताना घाम फुटतो, त्याने पोटासाठी काय निवडावं? किल्ली, कुलूप, कडी आणि कानस! किल्लीवाल्याचं नशीबच चेष्टेखोर. पण गडी हुशार. गिऱ्हाइकाशी बोलताना तो किल्लीला चावी म्हणे, कुलपाला टाळं म्हणे, आणि जमलं तर काहीच म्हणत नसे. नमुना घ्यायचा, यंत्राला लावायचा, कानस मारायची आणि किल्ली हातावर ठेवायची.

घरातही तो मूग गिळूनच असे. मुलगी झाली तेव्हा त्याची थोरली बहीण पाळण्यात डोकावून म्हणाली होती, “बघ हं, खाण तशी माती!” तिच्या जिभेला हाड नाही, ती बोलून विसरली. हा विसरला नाही. आपलं तोतरेपण पोरीला लागू नये म्हणून तिच्यासमोर त्याने तोंडाला कुलूपच घातलं. बायको सकाळपासून लाँड्रीत कामाला, आणि पोर दुकानात बापाजवळ. पावणेतीन वर्षांची झाली तरी बोलेना. बाहुलीसारखी गप्प म्हणून कौतुकाने ठकी नाव पडलेलं. आता आई त्या नावाने हाक मारणं टाळायची.

कान तपासले, ते उत्तम निघाले. मग बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, “दिवसभर तिच्याशी बोलतं कोण?”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

“तुम्ही बोलायचं,” बाई म्हणाल्या. “हातात येईल त्याचं नाव घ्यायचं. मग थांबायचं, तिच्याकडे बघत. घाई करायची नाही.”

“मी क-काय बोलणार?”

“असंच बोला.”

चार महिने तो बोलला. घरात सगळे किल्लीच म्हणत, त्यामुळे पळवाट बंद. “ही कि-किल्ली. हे कु-कुलूप.” मग थांबायचा. ठकी त्याच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि किल्ली तोंडात घालायची. त्याला वाटे, हे पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्याहून मोठी धास्ती वाटे, घडा सुलटा असला तर?

एका रविवारी बहीण जेवायला आली होती. ठकीने बापाच्या खिशातून जुडगा ओढला, वर धरला आणि खणखणीत म्हणाली, “कि-किल्ली.”

बायकोच्या हातातली पळी पातेल्यात पडली. ती रडायलाच लागली. बहिणीने पोरीला उचलून गरगर फिरवलं. “बोलली गं बाई, बोलली! आणि अगदी बापासारखी!”

बाप हात धुवायचं निमित्त करून मोरीत गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. बायको मागोमाग आली.

“मीच तिला बि-बिघडवली,” तो म्हणाला. “गप्प बसायला हवं होतं.”

“तुम्ही गप्प होतात तेव्हा ती पण गप्पच होती,” ती मनगटाने डोळे पुसत म्हणाली. “पुढे अडखळेल की नाही, मला नाही माहीत. भीती मलाही वाटते. पण आज ती बोललीय हो.”

तेवढ्यात ठकीच आत आली. तिने जुडगा बापापुढे धरला. “कि-किल्ली.” आणि थांबली, त्याच्या ओठांकडे बघत.

त्याचा ‘क’ अडकला. जन्मभर त्याचा शब्द अडला की दुसऱ्या कुणीतरी तो पुरा करून टाकला होता. आईने, गिऱ्हाइकांनी, बायकोनेसुद्धा. आताही दारातून बहिणीने तोंड उघडलंच. बायकोने तिचा हात दाबला. “थांबा, वन्सं.”

ठकीला काही घाई नव्हती. ‘टाळं’ अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“क-क-कुठल्या कु-कुलपाची?” त्याने विचारलं.